डॉक्टर व्हिजिटला गेले आहेत

"हे काय लिहून आणलंय तुम्ही, हेर्लेकर मॅडम?"

बेळगुंदकर सरांनी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता लाल पेनाचं टोपण काढलं. दुपारची वेळ होती. त्यांच्या दवाखान्यात बाहेर बाकावर चार-पाच पेशंट बसलेले. आत टेबलावर मी लिहिलेला अहवाल पसरलेला. आमच्या फॅमिली डॉक्टर मंडळाची वार्षिक सभा आठ दिवसांवर आली होती. सर अकरा वर्षं अध्यक्ष होते आणि मी त्या वर्षीची सेक्रेटरी.

"अहवाल आहे, सर. वर्षभराचे उपक्रम."

"ते मला दिसतंय. हे पोलिओचं छान. शाळांमधली तपासणी छान. वकिलांबरोबरची क्रिकेट मॅच, त्यात आपण हरलो हे लिहायची काही गरज नव्हती, पण असू दे. हे सहलीचं काय?"

"जे झालं ते."

त्यांनी परिच्छेद मोठ्यानं वाचला. माझं अक्षर फार सुंदर, असं सगळे म्हणत. पंधरा डॉक्टरांत मी एकटी बाई. सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं ते अक्षरामुळेच. त्या सुंदर अक्षरात मी लिहिलं होतं: 'दिनांक बारा मे रोजी मंडळाची सहल आंबोलीला गेली. त्या दिवशी तातडीच्या सेवेसाठी नेमलेले डॉ. मुतालिक व्हिजिटला गेलेले नव्हते. ते सहलीत होते. त्या दिवशी गावात एकही डॉक्टर नव्हता. सुवर्णा सदाशिव गुरव, वय वर्षे नऊ, हिचा विंचूदंशाने मृत्यू झाला.'

सरांनी पानावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ ओढली. मग समासात स्वतःच्या हातानं लिहिलं: 'सहल अत्यंत उत्साहात पार पडली.'

"हे वाचायचं," ते म्हणाले. "कोल्हापूरहून पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासमोर आपली धुणी धुवायची नाहीत. आणि मुतालिकला दोन लेकरं आहेत, विसरू नका."

"सदू गुरवाला एकच होतं."

"मॅडम." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "हे आपलं सगळ्यांचं ठरलेलं आहे. तुम्हीही होतात."

होते. मीही होते. आज या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. तो राग अजून गेलेला नाही. तेव्हा तो मला फक्त त्यांचा आला होता.

आमचं गाव गडहिंग्लजच्या अलीकडे दहा मैलांवर. आठवडी बाजार मोठा, त्यामुळे डॉक्टरही पुष्कळ. सरकारी दवाखाना मात्र सात मैल आडबाजूला, आणि रविवारी तिथे नर्सशिवाय कुणी नसायचं. त्या वर्षी मार्चमध्ये मंडळानं एक व्याख्यान ठेवलं होतं. विषय, लाल विंचवाचा दंश. मिरजेहून एक प्राध्यापक आले होते. लहान मूल असेल तर हातपाय गार पडतात, दरदरून घाम येतो, उलट्या होतात, मग फुप्फुसात पाणी भरतं. वेळेवर प्राझोसिनची गोळी दिली आणि मूल नजरेखाली ठेवलं तर बहुतेक मुलं वाचतात, असं त्यांनी आम्हाला फळ्यावर आकृत्या काढून समजावलं. उन्हाळा तोंडावर होता, घरं शाकारायचे दिवस येणार होते. मी स्वतः गडहिंग्लजहून गोळ्या मागवल्या आणि पंधरा दवाखान्यांत वाटल्या. व्याख्यानानंतर श्रीखंड-पुरीचं जेवण झालं. सगळे खूश होते. मी तर फारच.

बारा मेच्या सहलीचा बेतही माझाच. सगळे दवाखाने एकदम बंद ठेवू नयेत, एक तरी उघडा असावा, हा आग्रहही माझा. चिठ्ठ्या टाकल्या, मुतालिकांची चिठ्ठी निघाली. मग मी रात्री बसून पुठ्ठ्याच्या पंधरा पाट्या रंगवल्या. चौदा पाट्यांवर लिहिलं: 'सहलीनिमित्त दवाखाना बंद. तातडीच्या पेशंटसाठी डॉ. मुतालिक, बाजारपेठ.' पंधरावी मुतालिकांच्या दारासाठी: 'डॉक्टर आज दिवसभर उपलब्ध आहेत. व्हिजिटला गेल्यास थांबावे. लगेच येतील.'

मुतालिक तरीही त्या बसमध्ये होते. आंबोलीला धबधब्याच्या कोरड्या कड्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांचे फोटो काढले. ते बसमध्ये कसे आले ते पुढे सांगते.

संध्याकाळी सात वाजता बस स्टँडवर आली, तेव्हा माझ्या दवाखान्यातली रोझी सिस्टर खांबाला टेकून उभी होती. आजऱ्याकडची ख्रिश्चन बाई, सहा वर्षं माझ्याकडे होती, उगाच घाबरणारी नव्हती. मी उतरले तशी तिनं माझं मनगट धरलं.

"मॅडम, गुरवाची पोरगी गेली."

"कुठली गुरवाची?"

"सदू गुरवाची. सुवर्णा. बाप कौलं चढवत होता, ही खालून देत होती. कौलाखाली विंचू. पोरीला घेऊन सगळ्या दवाखान्यांपुढनं पळाला तो. मग मुतालिकांच्या पायरीवर बसून होता."

माझ्या मागून मुतालिक उतरत होते, खांद्यावर झोपलेली मुलगी घेऊन. त्यांनी ऐकलं. बेळगुंदकर सरांनीही ऐकलं. सरांनी अतिशय शांतपणे उतरलेल्या सगळ्यांना पुन्हा बसमध्ये चढवलं, दार लावून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "जरा पुढे घ्या. मिलच्या मागे."

तिथे, सुताच्या मिलच्या मागे, बसमधले दिवे बंद करून, त्यांनी आम्हा चौदा डॉक्टरांना आणि आमच्या बायकामुलांना सांगितलं, "मुतालिक आज सहलीला आलेले नाहीत. ते सकाळी वाडीवर व्हिजिटला गेले होते, तिथे बाळंतपण अडलं होतं, उशीर झाला. हे सगळ्यांनी लक्षात ठेवायचं. उद्या त्यांच्या दवाखान्यावर दगड पडले तर परवा तुमच्यावर पडतील."

मुतालिकांची बायको रडत होती. मुतालिक मागच्या दारानं उतरून शेतातून घरी गेले.

तिसऱ्या दिवशी मी गुरवाकडे गेले. सदू देवळाची पूजा करायचा आणि लग्नकार्याला पत्रावळी पुरवायचा. घरात पळसाच्या पानांचे गठ्ठे तसेच पडलेले. छप्पर अर्धं उघडं, आत ऊन. त्याची बायको अनुसया भिंतीकडे तोंड करून बसली होती, ती वळलीसुद्धा नाही. सदू मात्र बोलत होता. थांबतच नव्हता.

"धा वाजता गेलो बाई मी मुतालिकांच्यात. सगळ्या पाट्यांवर त्येंचंच नाव. तिथं लिवलंय, थांबावे, लगेच येतील. म्हटलं येतील. पोरगी म्हणायची, बाबा, हात गार पडलं. मी चोळत बसलो. शेजारचा म्हणाला, टेंपो बघू का, गडहिंग्लजला घालू. मी म्हटलं नगं, डॉक्टर येतील न्हवं, लिवलंय की. बारा वाजले बाई. बारा! मग टेंपोत घातली, तर तोंडाला फेस." तो थांबला. "मी दोन तास पोरगी मांडीवर घेऊन बसलो. माझ्यासारखा खुळा बाप कुठं असंल काय?"

त्याच वेळी भिंतीकडून अनुसया म्हणाली, "त्येंनी बसवून मारली तिला." वळली नव्हती. नवऱ्याबद्दल बोलत होती.

मी काय बोलले, तेही पुढेच सांगते.

महिनाभरात अनुसया माहेरी गेली. माहेर तिथेच, कुंभारवाड्यात, हाकेच्या अंतरावर. पण तिच्या आईनं, तानूबाईनं, सदूला दारातून परत पाठवलं. एकदा नाही, चारदा. "माझी नात मारून आलाय," ती गल्लीत ऐकू जाईल असं म्हणायची. सदूच्या भावानं त्याच्याशी बोलणं सोडलं. देवळात लोक यायचे, नारळ द्यायचे, आणि मागे वळून म्हणायचे, दोन तास बसला म्हणं. सदूनं दाढी करणं सोडलं. छप्पर पावसाळाभर तसंच राहिलं. हे सगळं मी बघत होते आणि मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं लिहीत होते. बैठकीत मुतालिक असायचे, चहा प्यायचे. ऑगस्टमध्ये त्यांनी साथीच्या रोगांवर दहा मिनिटं भाषणही केलं.

ते भाषण चालू असताना माझं डोकं पहिल्यांदा तापलं. माणूस गोल चेहऱ्यानं उभा राहून 'वेळेवर उपचार' असं म्हणत होता. 'वेळेवर' या शब्दाला त्याची जीभ अडखळलीसुद्धा नाही. घरी येऊन मी अहवालाचा तो परिच्छेद लिहिला, आणि नोव्हेंबरपर्यंत जपून ठेवला.

वार्षिक सभा दिवाळीनंतरच्या रविवारी, कन्याशाळेच्या हॉलमध्ये होती. व्यासपीठावर सतरंजी, समई, कोल्हापूरचे पाहुणे. हॉलमध्ये डॉक्टर, त्यांची कुटुंबं, औषधांच्या दुकानांचे मालक, गावातले दहा-वीस प्रतिष्ठित. मी अहवाल वाचायला उभी राहिले. पोलिओ. शाळातपासणी. विंचूदंशावरचं व्याख्यान. टाळ्या. मग सहल.

लाल रेघेखाली माझं अक्षर स्वच्छ दिसत होतं. मी ते वाचलं. सगळं. मुलीचं नाव आणि वय.

मग मागून एक औषधवाला म्हणाला, "व्हिजिटला नव्हते? मग व्हिजिटला गेले होते असं कोण म्हणालं?"

"बसा खाली!" बेळगुंदकर सर उठले. "मॅडम, खाली बसा. पाहुण्यांची माफी मागतो. हा मजकूर मंडळानं मान्य केलेला नाही."

"बसमध्ये मान्य केला होता ना खोटा मजकूर?" माझा आवाज किंचाळल्यासारखा निघाला, मला आठवतंय. "दिवे बंद करून? तो चालला? आज सहा महिने एक माणूस स्वतःला खुनी समजून जगतोय, आणि हे गृहस्थ आपल्याला वेळेवर उपचार शिकवतात!"

मुतालिक तिसऱ्या रांगेत होते. ते उठले. मला वाटलं होतं ते बाहेर निघून जातील. ते गेले नाहीत. त्यांचा चेहरा काळा पडला होता, पण आवाज ठाम होता.

"वाचलंत, बरं केलंत," ते म्हणाले. "आता पुढचं वाचा."

"काय पुढचं?"

"मला बसमध्ये कोणी बसवलं ते. ते का लिहिलं नाही?"

आणि मी खरोखर हातातलं पान उलटलं. जणू ते मागच्या बाजूला लिहिलेलं असेल.

बस सकाळी सातला निघायची होती, ती आली सव्वानऊला. मी उन्हात यादी घेऊन उभी, सगळे माझ्यावर करवादत होते. मुतालिक बायकोला आणि मुलांना सोडायला आले होते. त्यांची धाकटी त्यांचा पाय सोडेना. एक जागा रिकामी होती. ते म्हणाले, "मॅडम, रविवार आहे. सकाळपासून कुणी फिरकलं नाही. बसू का?" मी यादीतून डोकंही वर काढलं नाही. म्हणाले, "बसा, बसा. आधीच उशीर झालाय." त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि विचारलं, "आणि ती पाटी?"

त्यांनी विचारलं होतं. त्यांच्या मनात आलं होतं. बाजारपेठ तिथून पाच मिनिटांवर. मी म्हणाले, "आल्यावर काढू."

आणि तिसऱ्या दिवशी सदूनं मला विचारलं होतं, "बाई, तुमाला म्हाईत असंल. डॉक्टर व्हिजिटलाच गेलं हुतं न्हवं?" माझ्याकडे बघत, हात जोडून. मी म्हणाले होते, "हो. वाडीवर."

हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. "मी बसवलं," मी माइकमध्ये म्हणाले. "पाटीही मीच लिहिली. काढू नका असंही मीच सांगितलं." मी व्यासपीठावरून उतरले आणि चपला न घालताच बाहेर आले.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. इतिवृत्तात त्यातलं काही आलं नाही. छापील अहवालात मुलीचं नाव नाही. मला सेक्रेटरीपदावरून काढलं, आणि दोन वर्षं कुणी डॉक्टर माझ्याशी धड बोलला नाही. मुतालिकांच्या दवाखान्यावर एकही दगड पडला नाही. पेशंट मात्र हळूहळू गेले आणि ते निपाणीला निघून गेले. मंडळ अजून आहे. सहलीही जातात.

पण हे सगळं नंतरचं. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना न उघडता मी सदूकडे गेले. तो दारात बसून पत्रावळी टाचत होता. गावात बातमी फिरली असणार, पण त्याला कुणी सांगितली नव्हती. त्याच्याशी बोलतच कोण होतं?

मी उभ्या उभ्या सांगितलं. बस, यादी, पायरी, पाटी. मिलच्या मागचं. तिसऱ्या दिवशीचं माझं 'हो, वाडीवर'.

तो काडी हातात धरून ऐकत होता. मग म्हणाला, "किती वाजता बसला त्यो गाडीत?"

"सव्वानऊ झाले होते."

"मी धा वाजता गेलो."

"हो."

"म्हंजे मी दारात गेलो तवा त्यो गाडीत हुता. आनी बारापतोर गाडीतच हुता." तो एकेक शब्द स्वतःला समजावत होता. "म्हंजे थांबलो काय, न थांबलो काय, त्यो येनारच नव्हता."

"नव्हता."

"आनी तुला ठावं हुतं." तो माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलत होता. "इथं बसलीस. ह्या इथं. मी हात जोडलं. आनी तुला ठावं हुतं."

तो उठला. मला वाटलं तो मारणार. त्यानं पत्रावळींचा गठ्ठा उचलून भिंतीवर फेकला. पानं सगळीकडे उडाली. "सहा म्हैने!" तो ओरडला. शेजारपाजारची दारं उघडली. "सहा म्हैने मी रोज त्या पायरीवर बसतोय! रोज उठायचं बघतोय, आनी उठता येत न्हाई! आनी तू दवाखाना चालवतीयास, सुया टोचतीयास, सुकानं जेवतीयास! तुमी पंधराच्या पंधरा!"

मी उडालेली पानं गोळा करायला वाकले.

"चल," तो म्हणाला. "मला सांगून काय करू? चल तिकडं. तिला सांग. म्हातारीला सांग. तुझ्या तोंडानं सांग."

तो पुढे, मी मागे. बाजारपेठेतून, माझ्या पेशंटांच्या दुकानांपुढून आम्ही गेलो. तो चालताना मोठ्यानं बोलत होता, "ऐका रं, डॉक्टरीनबाई काय सांगत्यात ऐका," आणि लोक उठून मागे येत होते. भावाच्या घरापुढे तो थांबला, भावाला बाहेर बोलावलं, आणि मला म्हणाला, "सांग." मी सांगितलं. भाऊ खाली बघत राहिला. तिथून कुंभारवाडा. तोपर्यंत मागे तीस-चाळीस माणसं झाली होती.

तानूबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. नेहमीसारखी. "कशाला आलाईस?"

सदू बाजूला झाला. "हिला इचार."

मी तिसऱ्यांदा सांगितलं. म्हातारीला ऐकू कमी यायचं, म्हणून ओरडून सांगावं लागलं. 'सव्वानऊला गाडीत बसवलं' हे दोनदा. 'मी खोटं बोलले' हेही दोनदा. आतून अनुसया येऊन आईच्या मागे उभी राहिली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती नवऱ्याच्या वाढलेल्या दाढीकडे बघत होती.

"तवा त्यो येनार नव्हताच?" तिनं विचारलं. मला नाही, त्याला.

"न्हाई," सदू म्हणाला. तेवढंच म्हणाला आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

म्हातारी उंबऱ्यातून बाजूला सरकली. अनुसयानं पुढे होऊन त्याचं मनगट धरलं आणि त्याला आत ओढून घेतलं. मग तानूबाई माझ्याकडे वळली. तिनं मला शिवी दिली नाही, थुंकली नाही. मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मग त्या माणसाचं रडणं, आणि त्याच्यावर बायकोचं, सहा महिन्यांचं एकदम. मागे जमलेली माणसं मला वाट द्यायला दोन्ही बाजूंना सरकली.